मिठावरची परतीची फेरी

गेली चार वर्षं पनवेलमध्ये माझ्या कौतुकाची एक गोष्ट सांगितली जाते. सांगणारा बदलतो, शेवटचं वाक्य बदलत नाही. "अण्णांचं इंजिन एक नंबर होतं हो, पण बाई घाबरली." हे वाक्य मी रिक्षा स्टँडवर ऐकलं आहे, सोसायटीच्या बाकड्यावर ऐकलं आहे आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना ऐकलं आहे. तोंड उघडं असताना माणसाला बोलता येत नाही, ही सबब त्या दिवसापुरती ठीक होती. बाकीच्या दिवशी माझं तोंड रिकामंच होतं.

वाक्याचा पहिला भाग खरा आहे. तो किती खरा आहे हे मी पुढे सविस्तर आणि थोड्या फुशारकीने सांगणार आहे. दुसरा भाग माझ्यामुळे जन्माला आला. संपादकांनी "कामाचे अनुभव लिहा, गमतीजमती चालतील" म्हटलं, तेव्हा ठरवलं की गमतीजमती लिहीन, पण हे आधी निस्तरीन.

माझा धंदा इंजिनं बांधण्याचा. लोकांना दुरुस्ती आणि बांधणी एकच वाटते. दुरुस्तीत बिघडलेला भाग काढतात, नवा बसवतात. बांधणीत इंजिन नट न् नट सुटं होतं, झिजलेलं घासून पुन्हा गोल केलं जातं, त्या मापाचे नवे भाग येतात आणि सगळं परत जुळवलं जातं. जुळवणारा चांगला असेल तर इंजिन कारखान्यातून आलं त्याहून गोड चालतं. मी चांगला होतो. हे वाक्य लिहायला मला लाज वाटत नाही.

गिऱ्हाईक दोन प्रकारचं. कळंबोलीच्या लोखंडबाजारातले ट्रकवाले आणि उरण-करंजाचे बोटवाले. ट्रकच्या इंजिनाला दिवसभरात विसावा मिळतो. उतार येतो, सिग्नल येतो, ड्रायव्हरला चहा लागतो. बोटीच्या इंजिनाला उतार नसतो. एकदा बंदर सोडलं की पाण्याचा रेटा तासन् तास सारखा. म्हणून ट्रकच्या इंजिनात खपून जाणारी चूक बोटीच्या इंजिनात खपत नाही, आणि ती उघडकीला येते तेव्हा माणसं समुद्रात असतात. बोटवाल्यांनी मला घडवलं ते असं.

त्यांची गिऱ्हाइकीही वेगळी. करंजाचा एक नाखवा इंजिन बांधायला देताना म्हणाला, "आवाज असा ठेव का बोट खाडीत शिरली का घरात कललं पायजे. बायको तवा ठेवील." मी सायलेन्सरचा पाइप जरा लांब करून त्याला घुमणारा आवाज काढून दिला. महिन्याभराने तो तक्रार घेऊन हजर. "अण्णा, बारीक कर तो आवाज. आता सगल्या आलीला कलतं मी कवा येतो, आनि कवा आलो नाय ते पन!"

अशा कामांमुळे माझं नाव कानासाठी झालं. अण्णा नुसतं ऐकून सांगतात, कुठलं बेरिंग गेलंय. मी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचो, मूठ कानाला लावायचो आणि सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पण नुसत्या कानावर विसंबायचं नाही, हेही मीच शिकवायचो. डिझेल इंजिन मुळातच खडखडतं. त्यात आतलं बेरिंग ठोकतंय अशी शंका आली, तर त्याची एक साधी परीक्षा असते. एकेका सिलिंडरच्या डिझेलच्या पाइपचा नट क्षणभर सैल करायचा. त्या सिलिंडरचा जोर थांबतो. आवाज मंदावला तर दोष तिथे. कुठलाही नट सैल केला तरी आवाज तसाच राहिला, तर दोष आतला नाही, बाहेर काहीतरी वाजतंय. ही परीक्षा लक्षात ठेवा.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे धर्मा म्हात्रे. इंजिनात खालच्या बाजूला एक वाकडातिकडा दांडा फिरतो, क्रँक. पिस्टनच्या वरखाली उडीचं त्याच्यामुळे गोल फिरणं होतं. तो घासून मापात आणण्याचं काम धर्मा करतो. त्याचा गाळा माझ्या गाळ्याला लागून. तो करंजाडेचा, माझ्याच वयाचा, तोंडाने तिखट. क्रँक आणि बेरिंग यांच्यात तेलाचा पापुद्रा राहील इतकी फट ठेवावी लागते. कमी ठेवली तर क्रँक आवळतो आणि बेरिंग जळून ठोकायला लागतं, जास्त ठेवली तर पहिल्यापासूनच ठोकतो. ही फट आम्ही म्हातारे थाऊमध्ये बोलतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नवी पोरं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतात. बोलताना दोघंही नुसता आकडा म्हणतात. अडीच. तीन. अर्थ ज्याने त्याने समजायचा. थाऊतले अडीच आणि शंभराव्यातले अडीच यांत अडीचपटीचं अंतर आहे. पहिल्याने इंजिन चालतं, दुसऱ्याने मरतं.

आणि आमच्यात एक रिवाज होता. धर्माने दिलेला क्रँक मी मोजायचो नाही. मी बांधलेलं इंजिन तो उघडून बघायचा नाही. एकमेकांचं काम मोजणं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं. बाहेरच्यांना हे अडाणीपणाचं वाटेल. आम्हाला ती इभ्रत वाटायची.

माधवी पहिल्यांदा आली ती शनिवारच्या दुपारी. खांदा कॉलनीत राहणारी, चाळिशी ओलांडलेली, तळोज्याच्या एका कारखान्यात ब्रेक बनवण्याच्या कामावर मोठ्या हुद्द्यावर.

"इंजिन बांधून हवंय," ती म्हणाली.

"कुठल्या बोटीचं?"

"बोटीचं नाही. गाडीचं. सरळ जाणाऱ्या."

"मॅडम, सगळ्या गाड्या सरळच जातात. ड्रायव्हर प्यायलेला नसला तर."

ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. कच्छच्या रणात हिवाळ्यानंतर मीठ वाळून फरशीसारखं कडक होतं. तिथे मोटारवाल्यांची एक संस्था वर्षातून एकदा वेगाची मोजणी ठेवते. शर्यत नाही, शेजारी कुणी नाही. गाडी लांबून वेग घेत येते आणि मधला एक किलोमीटर किती वेगाने कापला ते मोजलं जातं. मग तासाभराच्या आत तीच गाडी उलट दिशेने परत यायला हवी. दोन्ही फेऱ्यांची सरासरी हा तिचा वेग. एक फेरी म्हणजे काहीच नाही, कारण त्यात वाऱ्याचा हात असू शकतो.

"पुण्यात, मुंबईत शर्यतीची इंजिनं करणारे आहेत की," मी म्हणालो.

"त्यांच्याकडे जाऊन आले. त्या इंजिनांवरचा जोर वळणावर सुटतो, परत लागतो. माझ्या गाडीला वळण नाही, काका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवेचा सारखा रेटा. तुम्ही बोटींची बांधता म्हणून आले."

इतक्या वर्षांत माझ्या धंद्याचं मर्म कुणी एका वाक्यात माझ्यासमोर मांडलं नव्हतं. मी तिथेच हो म्हटलं. ब्रेकमधली बाई गाडी पळवायला निघाली यावर धर्माने दिवसभर विनोद केले, ते इथे देत नाही.

तिने आणि तिचा नवरा संजय याने रोडपालीच्या एका शेडमध्ये गाडीचा सांगाडा उभा केला होता. लांब, बुटका, आत माणूस जवळजवळ आडवा. इंजिनासाठी मी जीपच्या जातीचं चार सिलिंडरचं जुनं डिझेल निवडलं. नव्या ओतीव ब्लॉकमध्ये ताण लपलेले असतात. पंधरावीस वर्षं तापून निवालेला ब्लॉक मुरलेला असतो, तो ऐन वेळी आपला आकार सोडत नाही. भंगारवाल्याकडे असे सात-आठ ब्लॉक वाजवून एक घेतला. हो, वाजवून. हातोडीने हलकेच टोला दिला की चिरलेला ब्लॉक बद्द बोलतो, निरोगी ब्लॉक देवळातल्या घंटेसारखा.

पिस्टन ठोकून घडवलेले मागवले, कारण ओतलेले त्या उष्णतेला टिकले नसते. प्रत्येक पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची बारीक धार सोडली. पुढून वारा घेणारा रेडिएटर काढून टाकला, कारण वारा घेणं म्हणजे वाऱ्याला अडणं. त्याच्या जागी पाण्याची टाकी, आणि फेरीच्या आधी तिच्यात बर्फ. माधवीचा आणि माझा एकच मोठा वाद झाला, तेलाच्या टाकीवरून. मला ती खोल हवी होती, तिला गाडी जमिनीलगत हवी होती.

"काका, दोन इंच. मला हवेत दोन इंच परवडत नाहीत."

"आणि मला तेल कमी परवडत नाही. तेल कमी पडलं तर तुझी हवा तुला लखलाभ."

शेवटी टाकी उथळ आणि रुंद केली, आत आडव्या पट्ट्या घातल्या. ही कल्पना तिची. ती उत्तम चालली, म्हणून इथे तिच्या नावावर लिहून ठेवतो.

क्रँक घासायला दिला त्या दिवशी धर्माचं मशीन चालू होतं. मी दारातून ओरडलो, "अडीच ठेव!" त्याने मान हलवली. तेवढंच. त्या आठवड्यात त्याच्याकडे एका जपानी जनरेटरचं काम होतं आणि ते सगळं मिलिमीटरमध्ये होतं, हे मला माहीत होतं. क्रँक हातात आला तेव्हा मायक्रोमीटर पेटीतून काढलासुद्धा. इतक्यात धर्मा चहा घेऊन दारात.

"काय, मोजतंस?"

"नाही रे. पुसून ठेवतोय."

मी तो पुसला आणि ठेवून दिला.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ते ज्या तऱ्हेने फिरायला लागलं, त्याचं वर्णन मला जमणार नाही. लोखंड आहे हे विसरायला होत होतं. आमच्या पाठीमागच्या इस्त्रीवाल्याने डोकं आत घालून विचारलं, "नवीन शिवणयंत्र घेतलं काय?" डिझेलच्या इंजिनाला याहून मोठी शाबासकी मिळालेली मी ऐकलेली नाही.

रणात पोहोचलो. डोळे दिपवणारं पांढरं मीठ आणि कुठेच काही नाही. त्या संस्थेचे प्रमुख एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना बापू म्हणायचे. धर्मा आला नव्हता. "माज्या खाडीत कमी मीठ हाय काय?" म्हणाला. मी आणि संजय पलीकडच्या टोकाला थांबलो, गाडी तिथे फिरवून परत पाठवायची होती.

ती आली. आधी ठिपका, मग एक रेघ, आणि आवाज मागाहून. किलोमीटर संपल्यावर तिने जोर सोडला, गाडी लांबवर घरंगळत आमच्याकडे आली. वायरलेसवर बापूंचा आवाज आला, "बहोत अच्छा!" आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. एका दिशेचा आकडा हा आकडा नसतो.

संजय गाडी फिरवायला धावला. इंजिन मंद चालू होतं. आणि मला ते ऐकू आलं. टक. टक. टक. खालून, क्रँकच्या लयीत.

मी स्क्रूड्रायव्हर टेकवला. टक. टक. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच शब्द आला. अडीच. कुठले अडीच? मी काय म्हणालो, त्याने काय ऐकलं? मोजलं तर नव्हतंच.

"काका, फिरवून झाली. निघू?" आतून माधवी.

"थांब. आवाज येतोय."

"डिझेल आहे. येणारच."

"हा तो नाही."

"मग बघा. वेळ आहे आपल्याकडे."

वेळ होता. तासातला बराचसा शिल्लक होता. एकेक नट सैल करून बघायला पुरेसा होता. गरम टर्बोवर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यावर, डिझेल उडालं तर पेट घेईल असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण फडकं धरून ते करता आलं असतं, शेकडो वेळा केलं होतं. खरं कारण असं की परीक्षेचं उत्तर ऐकायची माझी छाती झाली नाही. मी हात घालून डिझेलचा खटका ओढला. इंजिन थांबलं.

"बेरिंग जायला लागलंय. परतीत क्रँक ब्लॉक फोडून बाहेर येईल, तुझ्या पायांपाशी."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. मला नक्की माहीत नव्हतं.

बापू जीप घेऊन आले. "क्या हुआ?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात माधवी हेल्मेट काढत म्हणाली, "बापू, मैं वापस नहीं जा रही. मेरा फैसला है."

बापूंनी तिच्याकडे पाहिलं, मग मायेने म्हणाले, "होता है बेटा. डर लगता है. पहली बार सबको लगता है."

ती गाडीतून उतरायला लागली. मी स्क्रूड्रायव्हर पुसत राहिलो.

रात्री ट्रकशेजारी मी विचारलं, असं का म्हणालीस. ती थर्मासमधला चहा ओतत होती. "इंजिन गेलं म्हटलं असतं तर उद्या बोटवाले तुमच्याकडे आले असते का? मला नोकरी आहे, काका. तुमचं हे आहे."

पनवेलला आलो. मी आणि धर्माने इंजिन खाली उतरवलं. इंजिनाच्या मागे क्रँकबरोबर फिरणाऱ्या जड चाकावरचं झाकण सोडलं तर त्यातून मुठीएवढा खडा बाहेर पडला. मिठाचा. खालच्या फटीतून ओलं मीठ आत उडालं होतं, उष्णतेने दगड झालं होतं. एका बाजूने चाकाला घासून आरशासारखं गुळगुळीत. टकटक त्याची होती.

धर्माने तो हातात घेतला, जिभेला लावला. "मीठच हाय. आपल्या मिठागरातला नाय."

मी पुढे उघडत गेलो. बेरिंगं पाहिली. त्यांच्यावर तेलाचा तवंग आणि बस्स. ओरखडा नाही. इतका मार खाऊन आलेलं इंजिन आतून इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यातलं माझं सर्वांत चांगलं काम टेबलावर उघडं पडलं होतं आणि मला खाली बसावंसं वाटत होतं.

"धर्मा, अडीच म्हटलं होतं मी. तू काय धरलंस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर काढून घेतली. मग त्याने स्वतःच माझा मायक्रोमीटर उचलला, क्रँक मोजला, बेरिंग मोजलं, वजाबाकी केली. "थाऊ. अडीच. तू म्हातारा झालास म्हनून मी पन दुसरी भाशा बोलायला लागलो काय? आनि शंका व्हती तर तवा इचारायचं. माज्यावरचा संशय त्या बाईच्या नावावर कशाला टाकलास?"

"तिनेच घेतलं ते अंगावर."

"तिनं घेतलं. तू दिलंस."

माधवीला मी फोन केला, सगळं सांगितलं. ती हसायला लागली. "मीठ?" मग हसणं थांबलं. "म्हणजे जाता आलं असतं."

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि इतर काही बोलून फोन ठेवला.

मला वाटलं, आता ती लोकांना सांगेल. तिने सांगितलं नाही. तोवर गावात ते वाक्य सुरू झालं होतं, आणि ते बाईबद्दल असल्यामुळे कुणाला त्यात खोटं वाटलं नाही. ड्रायव्हर पुरुष असता तर "गाडीत काहीतरी झालं असेल" असंच म्हणाले असते. मला सुधारता आलं असतं. सुधारायचं तर आधी म्हणावं लागलं असतं की अण्णांचा कान चुकला. प्रत्येक वेळी मी "जाऊ द्या हो" म्हणालो, आणि लोकांना तो माझा मोठेपणा वाटला.

गेल्या वर्षाच्या शेवटाला माधवी वर्कशॉपमध्ये आली. संस्थेने गाडी पुन्हा मोजणीत घ्यायचं कबूल केलं होतं, एका अटीवर. ड्रायव्हर दुसरा.

"इंजिन तेच, गाडी तीच, फक्त मी नको," ती म्हणाली. "संजय म्हणतो, कुणालातरी बसव, गाडी तर धावेल. खरं सांगू? धावू दे असं मलाही वाटायला लागलंय."

धर्मा दारात उभा होता. ती गेल्यावर आत आला. "तू सांगतंस का मी सांगू?"

मी त्याच्यासमोर बापूंना फोन लावला. माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. नट सैल करायची परीक्षा केली नाही, हेही सांगितलं.

"तो इंजन में खराबी नहीं थी?"

"नहीं."

"ड्रायवर में?"

"नहीं, बापू."

"फिर किस में थी?"

"मेरे में."

त्यांनी एक मोठा उसासा टाकला. म्हणाले, "चार साल हम उस लड़की को समझाते रहे कि डरना बुरी बात नहीं." मग म्हणाले, तिला सांगा, तीच चालवेल.

माधवीला कळवलं तेव्हा ती लगेच कामाचं बोलायला लागली. इंजिनामागच्या त्या जड चाकाखाली पत्रा मारून फट बंद करायची, तेल बदलायचं. मग म्हणाली, "काका, तुम्ही यायचं. पण या वेळी सुरुवातीच्या टोकाला. वळायच्या टोकाला नाही."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणून नाही. तिथे उभे असलात तर मी तुमच्या तोंडाकडे बघत बसेन."

क्रँक पुन्हा बसवताना धर्मा स्वतःहून येऊन समोर उभा राहिला. "मोज," म्हणाला. "माज्या समोर मोज. आनि तू बसवलेलं मी मोजतो." आम्ही दोघांनी एकमेकांचं काम मोजलं. इतक्या वर्षांचा रिवाज मोडला आणि छप्पर काही कोसळलं नाही. फक्त धर्मा जाताना म्हणाला, "तुजा एक नट ढिला हाय." नव्हता. मी तरी दोनदा तपासला.

यंदा तो सोबत आला. आम्ही दोघं सुरुवातीच्या टोकाला उभे राहिलो. माधवी गेली. ठिपका झाली, दिसेनाशी झाली. मग काहीच नाही. पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते आम्हाला दिसत नव्हतं, वायरलेस बापूंच्या जीपमध्ये होता. सरळ मापाने कामं केलेली आम्ही दोन म्हातारी माणसं, त्या पांढऱ्या उजेडात डोळ्यांवर हात धरून.

"थांबवली असंल काय?" धर्मा म्हणाला.

"कोण थांबवणार? मी इथे आहे."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आणि ठसक्यातच त्याने हात वर करून दाखवलं. समोर मृगजळ हलत होतं, त्यात एक काळा कण होता, आणि तो मोठा होत होता.

ती आमच्यापाशी येऊन थांबली. दोन्ही फेऱ्या झाल्या. सरासरी निघाली आणि संस्थेच्या डिझेलच्या छोट्या वर्गात तिचं नाव सगळ्यांच्या वर लागलं. हेल्मेट काढून तिने पहिलं मलाच विचारलं, "आवाज कसा होता?"

"ऐकलाच नाही," मी म्हणालो. "बघत होतो."

इथे लेख संपायला हवा होता. पण पनवेलला परतलो तर ते वाक्य संपलं नव्हतं, त्याला शेपूट फुटलं होतं. "मागच्या वेळी घाबरली होती, या वेळी धीर आला बाईला." माझ्या गळ्यात हार घालून हे मला ऐकवलं गेलं. म्हणून हा लेख. मी शेवटी लिहिलं होतं, "माधवी त्या दिवशी अजिबात घाबरली नव्हती." छापायला देण्याआधी तिला वाचायला दिलं, कारण तिच्याबद्दल तिला न विचारता चार वर्षं पुरेसं बोललं गेलं आहे.

तिने उभ्याउभ्याच वाचलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे खोटं आहे, काका."

"म्हणजे?"

"मी घाबरले होते. मागच्या वेळी, जाताना. या वेळी तर दोन्ही फेऱ्यांना. त्या वेगात न घाबरणाऱ्या माणसाला मी माझी गाडी देणार नाही." कागद तिने माझ्या हातात परत दिले. "घाबरले होते. थांबले नव्हते. तसं लिहा."

तसं लिहिलं आहे.